आधी मोठ्या बाबांच्या कानावर

आधी मोठ्या बाबांच्या कानावर घालायचं, मग बाकीच्यांना सांगायचं. बस्स. काऊन, कायले, असं विचारायचं नाही. विचारलं की आई म्हणणार, "आपल्याकडं तसंच रायते." आता 'तसंच रायते' याला काय उत्तर असतं, तुम्हीच सांगा! मी इंजिनीअर झाले, हैदराबादला नोकरी करते, मीटिंगमध्ये वरच्या साहेबांशी इंग्रजीतून भांडते, पण 'तसंच रायते'ला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

म्हणजे आमच्याकडे कसं आहे, तुम्हाला सांगते. बिरसीच्या विमानतळाची भिंत संपली की धानाच्या बांध्या लागतात आणि बांध्या संपल्या की आमचं घर. एका अंगणात तीन भावांची तीन घरं, मधे सपरी, म्हणजे मोकळी पडवी, सपरीत खाट, खाटेवर मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ जीवनलाल, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल आणि त्या मोबाइलात अख्खं खानदान. आमच्या आणि शामकला काकूच्या स्वयंपाकघराची भिंत एक. इकडे आईनं फोडणी घातली की तिकडे काकू शिंकते. पण काकूला माहेरी जायचं असेल तर ते आईला भिंतीतून कळेल? छे! काकू सांगणार ओमेश्वर काकांना, काका मोठ्या बाबांना, मोठे बाबा माझ्या बाबांना, बाबा जेवता जेवता आईला, आणि आई 'अगंबाई, कधी?' म्हणेपर्यंत काकू माहेराहून परत आलेली असते.

तर मोठ्या बाबांना मी जाऊन सांगितलं, हो, आधी त्यांनाच, की हैदराबादला डेटा सेंटरच्या नेटवर्कवाल्यांची मोठी परिषद आहे, तिथं मला भाषण द्यायला बोलावलंय. डेटा सेंटर म्हणजे काय वं, असं त्यांनी विचारलं. आता काय सांगणार? म्हटलं, गोदाम समजा. जगाची माहिती ठेवायचं गार गोदाम, आणि आत हजारो कॉम्प्युटर एकमेकांशी सारखे बोलून राहिलेत, ते बोलणं अडू नये हे बघायचं माझं काम. त्यांनी मान हलवली, खिशातून मोबाइल काढला, एकेकाला कळवलं, आणि संध्याकाळपर्यंत गोंदियाच्या आत्याकडून अभिनंदन आलं... पोरगी राइस मिलमध्ये मॅनेजर झाली म्हणून.

हसा, हसा. तिथंही असेच हसले. तेच तर सांगून राहिले.

पण त्याआधी एक ऐकून घ्या, नाहीतर तुम्हाला वाटेल मोठे बाबा म्हणजे कुणी खलनायक आहेत. बारावीनंतर अख्खी सपरी म्हणत होती, गोंदियातच काहीतरी शिकू द्या, पोरीच्या जातीला कशाला एवढं. मोठे बाबा म्हणाले, "पोट्टी नागपूरले जाईल." संपलं. त्यांचा शब्द खाली येताना वाटेत कुणाची टाप नव्हती त्यात बदल करायची. या परिषदेला मी दिवाळीच्या सुट्टीतून, इथूनच विमानानं निघाले, तर मला सोडायला बिरसीच्या विमानतळावर सगळी वरात, आणि पुढे मोठे बाबा, इस्त्रीचा सदरा घालून, हातात कापडी थैली. थैलीत आमच्या बांधीतला वासाचा चिन्नोर. म्हणाले, ज्या साहेबानं आपल्या पोरीले बोलावलं त्याच्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, हा तांदूळ त्याले दे, म्हणा मोठ्या बाबानं देला. विमानतळावरच्या शिपायालाही त्यांनी सांगून टाकलं, भाषण द्यायले जाऊन राहिली. तो शिपाई उठून उभा राहिला हो!

अशा माणसाचं मी काय केलं? माझं चुकलंच, मी कुठं नाही म्हणते?

आता ती परिषद. काचेचं हॉटेल, गळ्यात दोरीला लटकवलेलं नाव, जो तो एकमेकांच्या चेहऱ्याआधी छातीवरचं नाव वाचतो, आणि एसी इतका गार की मला वाटलं आपल्यालाही कॉम्प्युटर समजून राहिलेत. माझी वेळ कधीची? जेवणानंतरची! पनीर आणि गुलाबजाम खाऊन आलेली तीनशे माणसं, आणि मी त्यांना सांगून राहिले की जुन्या पद्धतीत सगळं बोलणं वर चढून एकाच मोठ्या स्विचमधून, म्हणजे एकाच नाक्यावरून जातं, तो अडकला की सगळं अडकतं, म्हणून आता खालचा प्रत्येक स्विच वरच्या प्रत्येकाला जोडायचा, म्हणजे वाटच वाट. पहिल्या रांगेत ज्या साहेबांनी मला बोलावलं होतं तेच डोळे मिटून बसलेले, मागे कुणीतरी बारीक घोरतंय, आणि बाकीच्यांची बोटं मोबाइलवर. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "समजा, माझे मोठे बाबा..."

सगळे जागे! खरंच सांगते, खाटेवरून उठल्यासारखे जागे. फोडणी सांगितली, माहेर सांगितलं, राइस मिल सांगितली. मोठ्या बाबांचा आवाज काढला, खिशातून मोबाइल काढतात तसा हात करून दाखवला. साहेब डोळे पुसून हसताहेत. आणि तुम्हाला सांगते, तीनशे माणसं आपल्या शब्दावर हसायला लागली की पुढचं भान राहत नाही. जीभ थांबेना. आणि मग मी सोनिकाचं सांगून टाकलं.

सोनिका म्हणजे ओमेश्वर काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा लहान, एम.एस्सी. करते. तिला बघायला सडक अर्जुनीचे पाहुणे आले होते. मुलगा टिकेश, चांगला आहे, हसरा आहे, सगळं आहे. सोनिकानं काकूला सांगितलं, "मला शिकायचंय. लग्न नको. नाही." एवढंच. काकू ते घेऊन काकांकडे गेली, आणि आपल्याकडे पाहुण्यांना तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, म्हणून काकांना म्हणाली, पोरगी आत्ता नाई म्हणते. काका मोठ्या बाबांना म्हणाले, पोरगी थोडं थांबा म्हणते. मोठ्या बाबांनी सडक अर्जुनीला फोन लावला, टिकेशचे मामा इंद्रकुमार यांना, आणि म्हणाले, पोरीचं काही नाही, फक्त घाई नको म्हणते. आणि इंद्रकुमार मामांनी घरी जाऊन सांगितलं, पोरगी तयार आहे, तारीख जरा पुढची धरा. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गाडी दारात! सोनिकाच्या तोंडात पेढा गेला तेव्हा तिला कळलं की आपण हो म्हणालोय.

परत नाही म्हणायचं तर तेही त्याच वाटेनं जाणार. काय पोचलं असतं? बहुतेक होणाऱ्या बाळाचं नाव!

हे मला सोनिकानं फोनवर सांगितलं होतं. रडत. आणि मी ते स्टेजवर सांगितलं. हसत. टाळ्या थांबेनात. साहेब भेटून म्हणाले, आजचं सगळ्यात चांगलं भाषण तुमचं. मी बॅगेत हात घातला, थैली हाताला लागली, चिन्नोरचा वास आला... आणि एवढ्या सुटाबुटातल्या माणसाला तांदळाची थैली कशी द्यायची, म्हणून मी हात तसाच बाहेर काढला. मोठ्या बाबांची नक्कल करायला लाज नाही वाटली. त्यांचा तांदूळ द्यायला वाटली. माझं चुकलंच, मी कुठं नाही म्हणते?

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. परिषदवाल्यांनी तेवढाच तुकडा कापून इंटरनेटवर टाकला. तो आधी कुणाच्या कानावर गेला? सगळ्यांच्या! सडक अर्जुनीला गेला, गोंदियाला गेला, आत्याच्या शेजारणीला गेला, कुणाच्या परवानगीशिवाय, एका शब्दाचाही फरक न होता. आणि आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदा एक बातमी मोठ्या बाबांना सगळ्यात शेवटी कळली.

त्यांनी सोनिकाच्या मोबाइलवर पाहिलं म्हणे. पूर्ण पाहिलं. परत लावायला सांगितलं, परत पाहिलं. मग म्हणाले, "पोट्टी बोलते चांगली." आणि स्वतःचा मोबाइल खिशातून काढून खुंटीवरच्या पिशवीत टाकून दिला. तेव्हापासून फोन घेत नाहीत, फोन लावत नाहीत. घरात नुसता गोंधळ. कुणाच्या घरी बारसं, कुणाचा ट्रॅक्टर कधी मोकळा, कुणाला काही पत्ता नाही. आई आणि काकू भिंतीच्या दोन्ही बाजूंना गप्प. अहो, मी सांगत होते ना की एक अडकला की सगळं अडकतं? तर माझंच भाषण माझ्याच घरात सिद्ध होऊन राहिलं होतं. आणि सोनिका? तिनं मला एकच विचारलं, "ताई, मी तुला सांगितलं होतं की त्यांना?"

मी पुढच्याच विमानानं आले. सपरीत पोचते तर सडक अर्जुनीचे इंद्रकुमार मामा हजर, चार वडीलधारे सोबत. बॅग मी तिथंच कोपऱ्यात टेकवली. मामांचं म्हणणं थोडक्यात असं, की त्यांच्या गावात लोक टिकेशला बघून पेढा, पेढा म्हणतात, तर मी मोबाइलसमोर दोन वाक्यं बोलावीत, की ते उदाहरण मनानं बनवलेलं होतं, असं काही घडलंच नाही. मग त्यांची इज्जत राहील, मोठ्या बाबांचीही राहील, आणि साखरपुडा ठरल्याप्रमाणे होईल. ओमेश्वर काका तर हात जोडायच्या बेतात. "बेटा, दोनच शब्द. मनानं बनवलं म्हन. कायले वाढवतेस?"

माझी मान खाली. कुणाकडे बघणार? मोठे बाबा खाटेवर, सदऱ्याचा खिसा सपाट. त्या खिशाकडे बघवेना. तुम्हाला खरं सांगते, मी म्हणणार होते. तोंड उघडलं होतं मी. एवढं अपराधी वाटत असताना माणूस काय वाटेल ते कबूल करतो हो! मामांनी मोबाइल समोर धरला, लाल ठिपका लागला, आणि मी बघते तर आतल्या दारात सोनिका. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून उभी. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ते खोटं होतं म्हटलं तर हिचं 'नाही' पण खोटं. म्हणजे शेवटचा पेढा मीच भरवणार.

"मोठे बाबा, तुमची नक्कल केली, चार लोकांत हसवलं, तुमचे पाय धरून माफी मागते," मी म्हणाले. "सोनिका, तुझी पण. पण ते खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. सोनिका नाही म्हणाली होती."

आईनं तोंडाला पदर लावला. काका म्हणाले, "मोठ्यांसमोर असं..."

"नाही म्हणजे नाही, काका. आत्ता नाही असं नाही, थोडं थांबा असं नाही. विचारा तिला, तिथं उभी आहे."

सोनिकानं मान हलवली. आडवी. मामांच्या हातातला मोबाइल हळूहळू खाली आला. काका जमिनीकडे, वडीलधारे एकमेकांकडे, बाबा वाशांकडे. आयुष्यात पहिल्यांदा एक बातमी सगळ्यांच्या कानावर एकदम पडली होती आणि ती पुढे कुणाला सांगायची हे कुणालाच कळेना.

मोठ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ केला. मी म्हटलं, आता आलं. ते हळूच म्हणाले,

"तांदूळ देले का वं बाई, त्या सायबाले?"

कोपऱ्यात माझी बॅग. बॅगेत थैली. थैलीची गाठसुद्धा त्यांनीच मारलेली, तशीच. सपरीभर चिन्नोरचा वास सुटलाय असं मला वाटून राहिलं होतं.

आणि मी... आता काय सांगू तुम्हाला... मी म्हटलं, "हाव, मोठे बाबा. खूप आवडले त्यांना."