दोन घड्याळांतलं एक

वजन कमी करायच्या गप्पा चालल्यात म्हणून सांगतो. पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. माझा मेहुणा दुबईहून आमच्या सावेडीच्या घरी आला आणि त्याने टेबलावर दोन घड्याळं मांडली. दोन्ही हृदयाचे ठोके मोजून किती कॅलरी जळल्या ते सांगणारी. एकाला छातीवर पट्टा बांधायचा, दुसऱ्यावर नुसतं बोट दाबायचं. म्हणाला, "दाजी, यातलं एक निवडा."

मी पट्टा बांधून तरातरा कॉलनीला दोन फेऱ्या मारल्या. ठोके एकशे दहा. मी खूश!

आमच्याकडे नवी वस्तू आईच्याही हातात द्यायची पद्धत. आई गावाकडून, काष्टीहून आलेली, मेथी निवडत बसली होती. बायकोने तिला आत नेऊन पट्टा बांधला. बाहेर येऊन ती परत मेथीपाशी बसली, तर घड्याळात आकडा एकशे अठ्ठेचाळीस.

"बसल्या जागी?" मी उडालोच. "भंगार आहे हे. परत ने."

मेहुण्याने दुसरं घड्याळ आईच्या बोटाखाली धरलं. एकशे पन्नास.

"दोन्ही बिघडलेलीच आणलीस का रे?"

मेहुणा आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. तेव्हा कुठे मीही तिच्याकडे वळलो.

"आई, तुला काही होतंय का?"

"दिवाळीपासनं लई धडधडतंय," मेथीची काडी मोडत आई म्हणाली. "घरात कुनाला कळलं न्हाई. ह्या घड्याळाला कळलं व्हय?"