चाप ओढून मगच टांगायची

हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या त्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात रांगेत लोर्ना या गिऱ्हाइकाच्या पुढे ऑर्विल नावाचा म्हातारा आजोबांची पंपाची, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची, बंदूक घेऊन उभा होता.

“रिकामी आहे ना, काका?” दुकानदाराने विचारलं.

“माझ्या लग्नापासून रिकामी आहे. दर रविवारी तेल लावतो, पंप मारतो, चाप ओढतो आणि मगच टांगतो. नळी फ्रीजकडे करून. दुसऱ्या बाजूला सासूबाई झोपतात.”

“काडतुसं भरायच्या खालच्या नळकांड्यातल्या वंगणाचा दगड झालाय. रॉकेलने धुतो.”

धुऊन त्याने पंप मारला. टप्पकन एक काडतूस काउंटरवर पडलं. लोर्ना मागच्या माणसाच्या पायावर चढली.

“हे कुणाचं?”

“तुमच्या आजोबांचं. वंगणात अडकलं होतं, आता सुटलं.”

“मेलो! हिची जुळी बहीण, अशीच दुसरी बंदूक, घरी आहे. आज तिला रॉकेलने धू आणि नेहमीसारखा चाप ओढून टांग, असं बायकोला, वेल्माला सांगून आलोय.”

“मग फोन लावा ना!”

“वाजतोय... उचलत नाही...”

शेवटी पलीकडून फोन उचलला गेला.

“वेल्मा! चाप ओढू नकोस! ...ओढलास? तुला लागलं नाही ना?”

“काय म्हणतात काकू?”

“ती ठीक आहे. फ्रीजही चालू आहे म्हणते. फक्त दार न उघडताच दूध बाहेर येतंय.”