प्लग लावलाय का?

...आणि विचारतात कुणाला? मला! प्लग लावलाय का म्हणे! अहो, अख्खी हयात वायरमनकीत गेली, या गल्लीतल्या निम्म्या घरांत मी उजेड पाडलाय, अक्षरशः, आणि मला विचारतात, प्लग लावलाय का?

तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटर मुलीचा. कॉलेजातला. ती लग्न करून गेली लांब, आणि हा धोंडा राहिला आमच्याकडे. बटण दाबलं... ढिम्म! शेजारी डोकावले, "प्लग लावलाय का हो?" मेहुण्याला फोन केला, तर "भावोजी, चिडू नका, पण प्लग..." आपटलाच फोन! टेस्टर घेतला, बोर्ड उघडला, फ्यूज पाहिला... सगळं चोख. कॉम्प्युटरच्या खोक्याला मात्र हात लावला नाही, ते आपलं खातं नव्हे.

शेवटी मुलीला फोन. एरवी तिचा फोन म्हणजे काय? "जेवलात? गोळी घेतली? ठेवते हं!" संपलं! आणि त्या दिवशी? "बाबा, आधी सांगा, प्लग लावलाय का?" घ्या! पोटची पोर! मग "व्हिडिओ लावा, फोन टेबलाखाली धरा... अहो बाबा, हा तुमचा कान दिसतोय!" अशी हसली, अशी हसली... मग ही मागून म्हणाली, "आवाज का गं बसलाय तुझा?" झालं! ऑफिसातला त्रास सांगितला, थोडी रडली, परत माझ्या कानावर हसली... मी टेबलाखाली, गुडघ्यांची पार वाट, पण बाहेर यावंसंच वाटेना हो!

नंतर ही फडकं घेऊन वाकली आणि कॉम्प्युटर आपोआप चालू! म्हटलं, वा! पुढच्या रविवारी परत ढिम्म. त्याच्या पुढच्याही! आता मात्र माझ्यातला वायरमन जागा झाला. खोकं फिरवलं, तर मागची वायर अर्धी ओढलेली! सगळीकडे बोटभर धूळ, आणि तेवढीच जागा लख्ख पुसलेली! वळून पाहिलं, तर ही उभी, हातात फडकं.

"अगं, हे काय?"

"मग काय करू? नाहीतर दोन मिनिटांत ठेवते ती."

मी खोकं होतं तसं परत फिरवून ठेवलं.

आता हिची कंबर धरलीय, वाकवत नाही. मग आज रविवार, कुणी वाकायचं? वाकलो. लावला फोन. "बाबा, प्लग लावलाय का?"

"लावलाय गं बाई, लावलाय!" म्हटलं... वायर हातात धरून.