वीअर्ड म्हणजे काय गं?

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं. डोळे मिटले, पण कान थोडेच मिटता येतात? शेजारी एक म्हातारे गृहस्थ कुणा अनोळखी मुलीशी बोलत होते.

“बाळ, वीअर्ड म्हणजे काय गं?”

“म्हणजे... विचित्र, आजोबा. चारचौघांसारखं नसतं ते.”

“म्हणजे वाईट?”

“छे हो! आम्ही मैत्रिणी एकमेकींना म्हणतोच की. लाडानंसुद्धा म्हणतात.”

“लाडानं म्हणताना दार लावून घेतात?”

“कोण म्हणालं तुम्हाला?”

“नात. फोनवर मैत्रिणीला सांगत होती, आमचे आजोबा वीअर्ड आहेत म्हणून.”

“पण तुम्ही केलंत काय?”

“काही नाही गं. घरी आलो की बेल वाजवतो.”

“त्यात काय मोठंसं? सगळेच वाजवतात.”

“माझ्या खिशात किल्ली असते. सूनबाईंनी मुद्दाम करून दिलीय, लाल गोंडा लावून. तरी वाजवतो.”

“अय्या! मग आहातच तुम्ही वीअर्ड!”

“असेन बुवा. पस्तीस वर्षं पोस्टमन होतो. दार वाजवलं की कुणीतरी हातातलं काम टाकून धावत यायचं.”

“पण किल्ली असताना घरच्यांना कशाला उठवायचं, आजोबा?”

“किल्लीनं आत गेलो ना, की मी आलोय हे त्यांना थेट जेवायच्या वेळी कळतं. एक ताट कमी पडतं, तेव्हा.”