स्वयंपाकघराखालची भिंत

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, आज ज्यांना निरोप देतोय त्या मोजणीच्या मॅडम आणि समोर बसलेले सगळे, नमस्कार. नाव पुकारल्यावर उठायला उशीर केला, राग मानू नका. माझी शाळा फारशी झाली नाही. बोलू की नको, यातच वेळ गेला.

मॅडम आमच्या परसात आल्या तेव्हा म्हणाल्या, जमिनीखाली जुनं काय आहे ते हे यंत्र वरूनच सांगतं, कुदळ लागत नाही. मला बरं वाटलं. यंत्राजवळ लोखंड चालत नाही म्हणून किल्ल्या, पट्टा, घड्याळ सगळं काढायला लावलं. मी काढलं. मग दोऱ्या ताणून त्या एकेका ओळीने यंत्र घेऊन चालायच्या. आता घर माझं, मला आत बसवेल का? ओळ पुढे सरकली की मीही स्वयंपाकघरापासून एक पाऊल पुढे सरकायचो, दोरीशी उभा राहायचो आणि विचारायचो, लागलं का काही?

लागलं ना. नकाशावर काळी सरळ रेघ उमटली, आमच्या स्वयंपाकघरापासून थेट परसामागच्या टेकाडापर्यंत. पुरातन भिंत म्हणे. पुरातत्त्वाच्या कार्यालयात आनंदीआनंद, आणि आम्हाला निरोप, की स्वयंपाकघर खणावं लागेल. आमच्या हिने भांडी खोक्यांत बांधली.

पुढे एकदा मॅडम चहाला आल्या आणि दारात माझ्या बुटांना अडखळल्या. मुलाच्या कारखान्यातले जुने बूट, चवड्याला आतून पोलाद. त्यांनी ते उचलले आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

"आजोबा, मोजणीला हेच घातले होते?"

म्हटलं, दुसरे आहेत कुठे? आणि बुटांचं मला कुणी विचारलं होतं का?

ही आतून म्हणाली, "यांच्यात कुठेतरी लोखंड आहे हे मला लग्नापासून माहीत होतं. मला वाटलं डोक्यात असेल."

मॅडमनी मला अनवाणी ओट्यावर बसवून पुन्हा मोजणी केली. रेघ गेली. त्यांनी चूक स्वतःहून वर कळवली. आणि लगेच त्यांची बदली. आता कार्यालयात विचारलं की उत्तर एकच, नवे साहेब येतील, बघतील. जुना नकाशा मात्र भिंतीवर तसाच. अहो, तुम्ही माझे बूट चौकटीत बसवून टांगलेत, आणि त्यापायी माझं घर खणणार?

मॅडम, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. जाल तिथे सुखात राहा, आणि माणसांचे पाय आधी बघा. कमीजास्त बोललो असेन तर सगळ्यांनी पोटात घाला. पण नव्या साहेबांना सांगून काय ते लवकर कळवा. ही रोज विचारते, खोकी सोडू का? तवा सगळ्यात तळाच्या खोक्यात आहे.