दुसऱ्या नळीतले रक्त

मी, खाली सही करणारी, वय त्रेचाळीस वर्षे, धंदा नोकरी, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत वरिष्ठ तंत्रज्ञ, राहणार इस्पितळामागच्या कर्मचारी वसाहतीत दुसरा मजला, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. वॉर्डातल्या ज्या नर्सला चौकशीसाठी आणले आहे, तिच्याबद्दल मला सांगायचे आहे. तिला सगळे धाकटी म्हणतात. रक्त काढायला तिला मीच शिकवले.

एखाद्याला औषधाचे वावडे आहे का हे पाहण्याची एक तपासणी आमच्याकडे होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून काचेच्या बारीक नळ्यांत भरतात. एक नळी साध्या द्रावणात, दुसरी औषध घातलेल्या द्रावणात, अशा रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी पेशी नळीच्या तोंडातून किती पसरल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. औषध सोसत असेल तर दोन्हीकडे सारख्या पसरतात. वावडे असेल तर औषधातल्या पेशी जागच्या हलत नाहीत. "पेशी चालतात म्हणजे काय, पायांनी?" असे इथल्या साहेबांनी विचारले. पाय नसतात, पण चालतात. ताडून बघायला दर वेळी एका निरोगी माणसाच्या पेशीही शेजारी लावतात. त्यासाठी रोज नवा माणूस कुठून आणणार, म्हणून ज्याची पाळी असेल तो आपलाच दंड पुढे करतो. सोमवारी पाळी माझी होती.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे रक्त मी घेतले. पूर्वी एका औषधाने त्यांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, म्हणून तापावरच्या इंजेक्शनाआधी डॉक्टरांना ही तपासणी हवी होती. शीर सापडता सापडत नव्हती. "ताई, आता परत टोचू नका हं. सुई माझ्या हातात असली तरच मला बरी वाटते," असे त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. हसण्याच्या नादात रक्ताची नळी हलवायची राहिली. नळीत रक्त पातळ ठेवणारा द्रव असतो, न हलवल्यास तो मिसळत नाही, रक्त गोठते आणि पेशी त्यात अडकून बसतात.

वर वॉर्डात जाऊन पुन्हा रक्त मागायला हवे होते. बाईंना दुखेल म्हणून गेले नाही, असे मी स्वतःला सांगितले. ते खरे नाही. त्याच सकाळी नळी न हलवल्याबद्दल मी एका नव्या मुलीला सगळ्यांदेखत फाडून खाल्ले होते. आता तेच माझ्या हातून झाले हे कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या पेशी तयारच होत्या. त्याच मी बाईंच्या नळ्यांतही भरल्या. सकाळी त्या दोन्हीकडे छान पसरल्या होत्या. वावडे नाही असा रिपोर्ट मी पाठवला.

धाकटीने डॉक्टरांनी लिहिलेलेच इंजेक्शन दिले. बाईंचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. आरडाओरडा ऐकून मी वर गेले. बाईंच्या नवऱ्याने सगळ्यांसमोर धाकटीच्या थोबाडीत मारली. रिपोर्ट स्वच्छ आहे, म्हणजे बाटलीच चुकली असणार, असे डॉक्टर म्हणाले. धाकटीने माझ्याकडे पाहिले. "ताई, तुम्ही तरी सांगा. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय मी सुई लावते का?" मी म्हणाले, "मी खाली लॅबमध्ये असते, मला काय माहीत." पुढे, कोणी विचारले नसताना, "घाईत होतं कधी कधी," असेही म्हणाले. पहिले वाक्य भीतीने बोलले. दुसरे कशाने बोलले ते मला सांगता येत नाही. त्याची मला फार लाज वाटते.

आज बाईंनी डोळे उघडले. ताप उतरेना, म्हणून माझा रिपोर्ट पुढे ठेवून डॉक्टर तेच औषध पुन्हा लिहायला निघाले होते. तेव्हा मी त्यांना खरे सांगितले. औषध थांबले. तिथून मी तशीच इथे आले.

जबाब मी मनात वाचते, अशी मी विनंती केली. मोठ्याने वाचून दाखवण्याचा नियम आहे, असे हवालदारांनी सांगितले. त्याप्रमाणे त्यांनी वाचला. दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती. एके ठिकाणी त्यांनी "नळी भरताना चूक झाली" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "जाणूनबुजून खोटे केले" असे लिहिले आणि ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.