दिव्याकडे निघालेलं पाखरू

जळगावच्या बसस्थानकात माझ्या मागच्या बाकावर एक मारवाडी आजी आणि तिची कॉलेजातली नात एकाच मोबाईलवर वाकून बसल्या होत्या.

"दादी, अख्खं कार्टून सहा मिनिटांचं. तुम्ही चार दिवस तिसऱ्याच मिनिटाला अडवून ठेवलंय."

"पुढे ते पाखरू दिव्यात पडेल, बेटा."

"चित्रातलं आहे ते."

"चित्रातलं असलं तरी जीवच ना? मी थांबवलंय तोवर ते हवेत तरी आहे."

"मी शेवट बघितलाय. लावू?"

"थांब, नवकार मंत्र म्हणू दे... हं, लाव."

"बघा आता."

"अगं, ती पुस्तक वाचणारी म्हातारी उठली! फुंकर मारून दिवाच विझवला तिनं!"

"आता खिडकीबाहेर बघा."

"केवढं आभाळ! एवढ्या चांदण्या कुणी बसून काढल्या गं? आणि पाखरू?"

"ते काय, चांदण्यांत."

"दिसलं, दिसलं. कसं सावकाश चाललंय."

"संपलं. उठा दादी, चोपडा गाडी लागली."

"पुन्हा लाव."

"आता कशाला? पाखरू वाचलं ना?"

"ते वाचलं गं. पण ती म्हातारी अंधारात एकटीच बसलीय. तिच्याजवळ बसते थोडा वेळ."